शेतीत उतरायचंय, गावी राहायचंय: तरुणांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली दिलेले प्रश्न गावोगावची मुलं-मुली आणि त्यांच्या घरची मंडळी पुन्हापुन्हा विचारतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या शेतीपुरती आहेत. माझी बाजू आधीच सांगतो: तरुणांनी शेतीत यावं असं मला मनापासून वाटतं. पण घरच्या शेतावर बिनपगारी मजूर म्हणून येऊ नये, स्वतःच्या हिशोबाचा मालक म्हणून यावं. पुढची बरीचशी उत्तरं याच एका मुद्द्याभोवती फिरतात.

नोकरी लागत नाही म्हणून शेती करावी लागतेय. अशा मनाने शेती होते का?

होते. शेतीत टिकलेल्या पुष्कळांची सुरुवात अशीच झालेली असते, त्यात कमीपणा काही नाही. अडतं ते दोन्हीकडे अर्धं राहिल्यामुळे. सकाळी अभ्यासिकेत भरतीची तयारी, दुपारी वडिलांना औषध कालवून द्यायला शेतात, पेरणीच्या आठवड्यात परीक्षा. मग परीक्षाही राहते आणि शेतही हाताला लागत नाही.

किमान एक खरीप आणि एक रब्बी एवढा काळ शेतीला पूर्ण द्या. तेवढ्या काळात तुम्हाला हे काम मानवतं का, ते कळतं. घरच्यांनीही त्या काळात "अजून कुठे अर्ज केलास का?" हा प्रश्न रोज विचारू नये.

आमची जमीन तीनच एकर आहे. त्यात कुटुंबाचं भागेल का?

आधी हे समजून घ्या की तुम्ही एकटे नाही. कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकर. आजोबांनी दहा एकरांवर जी पिकं घेतली तीच तीन एकरांवर घेतली, तर आजोबांइतकं उत्पन्न मिळणार नाही हे उघड आहे.

एक हिशोब करून पाहू. लातूर, धाराशिव, वाशीम पट्ट्यातलं सोयाबीन घ्या. एकरी आठ क्विंटल उतारा धरू. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. तो पूर्ण मिळाला तर एकरी ३९,१३६ रुपये होतात. पण त्या हंगामात खुल्या बाजारातले दर बराच काळ हमीभावाच्या खालीच होते. ४,२०० ने विकलं तर ३३,६०० रुपये. आता खर्चाची बाजू: नांगरट, पाळी, तीस किलोची बियाण्याची बॅग, खत, तणनाशक, दोन-तीन फवारण्या, काढणी, मळणी, बाजारापर्यंतचं भाडं. हे सगळं वीस हजारांत बसवलं, तर एकरी १३,६०० उरतात आणि तीन एकरांचे ४०,८००. यात घरच्या माणसांची मजुरी धरलेलीच नाही. तुमच्या गावच्या दराने हाच हिशोब स्वतः मांडा, आकडे थोडे वरखाली होतील.

म्हणजे नुसत्या सोयाबीनवर तीन एकरांत घर चालत नाही. हे सांगून तुम्हाला घाबरवायचं नाही, पण हे न सांगता कोणाला शेतीत बोलावणं बरोबर नाही.

मग तीन एकरांत करायचं काय?

तीन एकरांची माणसं टिकतात ती एकाच पिकावर विसंबत नाहीत म्हणून. साधारण मांडणी अशी असते: एक पीक घरच्या धान्याचं आणि चाऱ्याचं, एक पीक वर्षाच्या मोठ्या पैशाचं, आणि एक जोडधंदा दर पंधरवड्याला हातात रोकड देणारा.

तो जोडधंदा अनेक घरांत दूध असतो. डेअरीवर दुधाचा पगार दहा-पंधरा दिवसांनी होतो आणि किराणा, शाळेची फी, दवाखाना त्यावर चालतो. मात्र गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बांधलेला असतो. गुणप्रत घसरली की दर कापला जातो, त्यामुळे चारा आणि खनिज मिश्रणावर लक्ष ठेवावं लागतं. विकतच्या पेंडीवर गोठा उभा केला तर पगार पेंडवाल्याकडेच जातो. आधी चाऱ्याची सोय करा, मग गाय आणा. पाणी कमी असेल तर शेळी बरी. मराठवाड्याला उस्मानाबादी आणि नगर-नाशिककडे संगमनेरी ही तिथल्या हवेला रुळलेली जात आहे.

जालना-बीडकडच्या बऱ्याच तरुणांनी रेशीम धरलंय, आणि मला तो धंदा लहान शेतकऱ्यासाठी फार चांगला वाटतो. एक एकर तुती एकदा लावली की वर्षानुवर्षं पाला देते, अंडीपुंजापासून (रेशीमकिड्यांच्या अंड्यांपासून) कोषापर्यंत साधारण महिना लागतो आणि वर्षात अशा अनेक बॅच निघतात. पूर्वी कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं, आता जालन्यातही लिलाव होतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. शेजारच्या रानात कीटकनाशकाची फवारणी झाली आणि वाऱ्याने ते तुतीवर आलं, तर तो पाला खाऊन अळ्या मरतात. शेड बांधण्याआधी बांधाला बांध असलेल्यांशी बोलून घ्या.

वडील काहीच बदलू देत नाहीत. काय करावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि माझ्या मते तरुण शेती सोडतात त्यामागे पावसाइतकंच हेही कारण आहे.

घरची स्थिती बघा. सात-बारा वडिलांच्या नावावर. विकास सोसायटीचं पीककर्ज त्यांच्या नावावर. आडत दुकानाची पट्टी (माल विकल्याची पावती) त्यांच्या नावाने निघते, पैसे त्यांच्या खात्यात येतात. पंचवीस वर्षांचा मुलगा पहाटे मोटर चालू करायला जातो, दिवसभर राबतो आणि मोबाइलच्या रिचार्जला आईकडे हात पसरतो. त्याच्याच वर्गातला मित्र चाकणला कंपनीत बारा-पंधरा हजारांवर लागलेला असतो, पण ते पैसे त्या मित्राचे स्वतःचे असतात. कोण कुठे टिकेल हे सांगायला ज्योतिषी नको.

वडिलांची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांनी दुष्काळ काढलेला आहे, एखादा बोअर कोरडा गेलेला पाहिला आहे, मुलीच्या लग्नाचं कर्ज फेडलेलं आहे. मुलगा मोबाइलवर बघून ड्रॅगनफ्रूट लावू म्हणतो तेव्हा त्यांना त्या कर्जाचे हप्ते दिसतात. त्यांचं नाही म्हणणं अनुभवातून आलेलं असतं.

यावर मी घरोघरी एकच तोडगा सुचवतो: एक एकर मुलाला द्या. मुलगी असेल तर मुलीला. जमीन नावावर करायची गरज नाही, फक्त कारभार द्यायचा. अटी आधी बोलून, वहीत लिहून ठरवायच्या:

- त्या एकरात काय पेरायचं, कोणतं औषध मारायचं, कुठे विकायचं हे तो ठरवेल. वडिलांनी सल्ला द्यावा, हुकूम देऊ नये.
- घरचा ट्रॅक्टर, घरचं पाणी वापरलं तर त्याची गावच्या दराने नोंद करायची.
- विक्रीचे पैसे त्याच्या खात्यात जातील आणि उसने घेतलेले भांडवल तो आधी परत करेल.
- दोन वर्षं यात बदल नाही.

बाकीच्या दोन एकरांत तो वडिलांच्या हाताखाली पूर्वीसारखंच काम करेल आणि त्याची रोजाने नोंद ठेवायची. रोज द्यायला जमत नसेल तरी नोंद ठेवाच. वर्षाअखेर दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की "तुला काय कळतं" आणि "तुमचं जुनं झालं" ही दोन्ही वाक्यं घरातून कमी होतात. बोलणं आकड्यांवर येतं.

नुकसान झालं तर? एका एकराचं होईल. लग्नातल्या जेवणावळीला त्याहून जास्त खर्च होतो आणि त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नाही.

सात-बारा माझ्या नावावर नाही. योजना, कर्ज, विमा मिळेल का?

बहुतेक सगळं सात-बारावर नाव असलेल्यालाच मिळतं, म्हणून ही बाजू लवकर मार्गी लावा. आजोबा वारले तरी वारस नोंद झालेली नाही अशी घरं गावोगाव आहेत. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा, फेरफार (नाव बदलल्याची नोंद) मंजूर झाला का ते बघा. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणी करून घेता येते. भावकीत वाद पेटण्याआधी हे करणं फार स्वस्त पडतं.

नाव लागल्यावर शेतकरी ओळख क्रमांक काढा, कारण योजनांचे अर्ज आता त्यावर चालतात. आणि दर हंगामात मोबाइलवरून ई-पीक पाहणी कराच. सात-बारावर पिकाची नोंद नसेल तर हमीभाव केंद्रावर माल नेताना आणि नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते. हे काम वडिलांपेक्षा तुमच्या हाताला सोपं आहे. पाच मिनिटं लागतात, पण शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सर्व्हर चालत नाही, तेव्हा आधीच करून टाका.

आमची जमीनच नाही. शहरात वाढलो. शेती घेऊन करता येईल का?

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन थेट विकत घेता येत नाही. कुळवहिवाट कायदा त्याला आड येतो; जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आईवडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर कुठे शेती असेल तर आधी ते कागद शोधा. शिवाय भोगवटादार वर्ग-२ ची (सरकारी अटी असलेली) जमीन आणि आदिवासींची जमीन यांच्या व्यवहाराला वेगळ्या परवानग्या लागतात. एजंट "सगळं होतं" म्हणाला तरी इसार देऊ नका.

कसायला जमीन घेणं हा दुसरा मार्ग. कुठे खंडाने, कुठे अर्धेलीने, कुठे बटईने, कुठे ठोक्याने, नावं वेगळी आणि अटीही वेगळ्या. मालकाला भीती असते की कसणारा कुळ लागेल, म्हणजे जमिनीवर हक्क सांगेल, म्हणून तो कागद करायला तयार होत नाही. पण तोंडी व्यवहारात विमा मिळत नाही, कर्ज मिळत नाही आणि तुमचं पीक चांगलं आलं की पुढच्या वर्षी जमीन काढून घेतली जाते. वकिलाला विचारून, ठरावीक मुदतीचा, कोण किती खर्च घालणार हे लिहिलेला करार करा.

खरं सांगायचं तर शहरातल्या मुलाने पहिलं वर्ष जमीन घेऊच नये. एखाद्या चांगल्या शेतकऱ्याकडे पूर्ण वर्ष काम करावं. मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरात रात्री दारं धरणं (पिकाला पाणी देणं), दोन्ही अनुभवावं.

कृषी पदवी लागते का?

शेती करायला लागत नाही. दहावीनंतर कृषी तंत्र पदविका आहे, बारावी विज्ञाननंतर सीईटी देऊन चार वर्षांची बीएस्सी कृषी आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार विद्यापीठं आणि त्यांची संलग्न महाविद्यालयं. पदवी असेल तर कृषी सेवा केंद्राचा परवाना, सल्ला व्यवसाय, बँकेतलं कृषी अधिकारीपद असे मार्गही उघडतात.

पदवी नसेल तर जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र हीच तुमची शाळा समजा. तिथे विषय विशेषज्ञ पगारावर असतात ते तुमच्यासाठीच, आणि तरीही गावातली मुलं औषध दुकानदाराला पान दाखवून विचारतात. दुकानदार वाईट असतो असं नाही, पण त्याला औषध विकायचं असतं. पिकानुसार मोठ्या संस्थाही इथेच आहेत: कांदा-लसणाची राजगुरुनगरला, द्राक्षाची पुण्याजवळ मांजरीला, डाळिंबाची सोलापूरला, लिंबूवर्गीय फळांची आणि कापसाची नागपूरला. विद्यापीठाच्या शिवार फेरीला वडिलांना बरोबर घेऊन जा. घरी चार वेळा सांगून पटत नाही ते दुसऱ्याच्या रानात उभं राहून एकदा बघितलं की पटतं.

पहिल्या हंगामात कोणतं पीक घ्यावं?

गावात जे पीक चांगलं येतं आणि ज्याचा बाजार जवळ आहे तेच. नवं पीक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी तुम्हाला पिकापेक्षा कामाची शिस्त शिकायची आहे.

सोयाबीनच घ्या उदाहरणाला. घरचं बियाणं असेल तर पेरणीआधी उगवण तपासा: ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत ठेवायचे, गुंडाळायचे, ओल टिकवायची आणि सात-आठ दिवसांनी मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीचं प्रमाण पेरा, कमी असतील तर त्या मानाने बियाणं वाढवा किंवा बदला. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच. जूनच्या पहिल्या सरीला सगळं गाव तिफण जुंपतं, तुमच्या पोटात गोळा येतो, तरी थांबायचं. दुबार पेरणीचा खर्च एका एकराच्या सगळ्या नफ्यावर पाणी फिरवतो.

आमच्याकडे पाणीच नाही.

मग पीक पाण्याने ठरेल, हौसेने नाही. हिवरे बाजारने हे गावपातळीवर करून दाखवलं. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने पाणलोटाची कामं केली, शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं टाळली, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायला सुरुवात केली. यंदा इतकं पाणी आहे, त्यात इतकीच पिकं. गाव सोडून गेलेली कुटुंबं परत आली ती यानंतर. जालना जिल्ह्यातलं कडवंची हेही असंच: पाणलोट, शेततळी आणि त्यावर द्राक्षबागा.

हे एकट्या तरुणाला होत नाही. पण तुमच्या विहिरीची पातळी दर महिन्याला मोजून भिंतीवर लिहून ठेवणं एकट्याला जमतं. तेवढ्यावर रब्बीत गहू घ्यायचा की हरभरा हे ठरतं.

ठिबकसाठी केंद्र आणि राज्य मिळून अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. रात्रीच्या विजेचा त्रास असेल तर २०२४ पासूनची मागेल त्याला सौर कृषी पंप योजना बघा: शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के, अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच एचपी.

भांडवल कुठून आणायचं?

पहिल्या एकराला फार भांडवल लागत नाही, आणि लागत असेल तर तुम्ही पीक चुकीचं निवडलंय. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र-राज्याच्या सवलतीमुळे व्याज जवळजवळ लागत नाही, म्हणून सावकाराकडे किंवा दुकानदाराच्या उधारीकडे जाण्याआधी सोसायटी आणि बँक. उधारीच्या औषधाला जास्त दर लागतो, आणि पुढे माल त्याच्याकडेच घालावा लागतो, हे लक्षात ठेवा.

प्रक्रिया करायची असेल (हळद पावडर, डाळ, बेदाणा, लोणची, काजू) तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. गोदाम किंवा शीतगृहासारख्या कामांना कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. एक कळकळीची सूचना: अनुदान आहे म्हणून धंदा निवडू नका. अनुदानाने उभी राहिलेली आणि वर्षभरात बंद पडलेली पॉलीहाऊस कितीतरी गावांत फाटक्या कागदांसह उभी आहेत.

यूट्यूबवर 'एकरी दहा लाख' दाखवतात. ते खोटं असतं का?

बरेचदा आकडा खरा असतो, पण तो उलाढालीचा असतो, नफ्याचा नाही. किंवा त्या एका वर्षाचा असतो जेव्हा टोमॅटोला किंवा आल्याला विक्रमी भाव होता. आणि सांगणारा रोपं विकत असेल, तर त्याचा खरा धंदा रोपांचा आहे.

"पिल्लं आम्ही देतो, माल आम्हीच घेतो" अशा हमीपासून विशेष जपा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागातून अशाच कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, आणि त्यात तरुण मोठ्या संख्येने होते. त्याआधी इमूची लाट येऊन गेली होती. तपासायची पद्धत साधी आहे: तो माल हमी देणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाला, कोणत्या बाजारात, किती भावाने विकता येतो? उत्तर मिळालं नाही तर पैसे घालू नका.

पीक चांगलं येतं, पण भाव मिळत नाही. त्याचं काय?

हे दुखणं खरं आहे आणि ते तुमच्या आळसातून आलेलं नाही. कांद्याचंच घ्या. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठली. त्या महिन्यांत ज्यांचा लाल कांदा बाजारात आला त्यांनी काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. १९८० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चाकण-नाशिककडे कांद्याच्या भावासाठी रस्ते अडवले होते. चार दशकांनंतरही तोच प्रश्न उभा आहे. तरुणांना शेतीत या म्हणणाऱ्यांनी धोरणांबद्दलही तितक्याच मोठ्याने बोललं पाहिजे.

तुमच्या हातात असलेल्या गोष्टी अशा. पट्टी नीट वाचायला शिका: वजन, दर, आणि हमाली, तोलाई, वाराई, कडता अशा कपाती. न पटणारी कपात असेल तर बाजार समितीच्या कार्यालयात विचारा. माल निवडून, प्रतवारी करून न्या. एका ढिगात चार प्रती असतील तर लिलावात दर सगळ्यात खालच्या प्रतीने पुकारला जातो. उन्हाळी कांदा साठवायला चाळ लागते. सोयाबीन १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा, कारण हमीभाव केंद्रावर गाडी परत येते ती बहुधा ओलाव्यामुळेच. फळं-भाजीपाला २०१६ पासून बाजार समितीबाहेरही विकता येतो, तेव्हा जवळच्या शहरातल्या सोसायट्या, शेतकरी आठवडे बाजार यांचा विचार करा. सगळा माल थेट विकला जाणार नाही. दहातले दोन हिस्से थेट गेले तरी बाजारभाव पडतो त्या आठवड्यात तग धरता येतो.

गट किंवा कंपनी करून फायदा होतो का?

कंपनीत माणसं जमली तर होतो. नुसती नोंदणी झाली तर काहीच होत नाही. कायद्याने दहा उत्पादक मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स २०१० मध्ये द्राक्ष निर्यातीसाठी विलास शिंदे आणि सोबतच्या शेतकऱ्यांनी सुरू केली. आज तिथे टोमॅटो आणि इतर फळांवरची प्रक्रियाही चालते. पण त्यामागे प्लॉटची नोंदणी, औषधाच्या अंशाची तपासणी, फवारणीची तारीखवार नोंद अशी रोजची शिस्त आहे. ती नको असेल तर कंपनीही नको.

सुरुवात लहान करा. बांधाला बांध असलेले दहा-बाराजण, एकच पीक, एकच वाण. बियाणं-खत एकत्र घ्या, गाडी एकत्र भरा. पानी फाउंडेशनच्या २०२२ पासूनच्या फार्मर कप स्पर्धेत गावांनी असेच गट केले आणि एकमेकांच्या रानात सावडीने काम केलं. मजूर मिळत नाहीत ही आजची मोठी तक्रार आहे. तिच्यावर आजी-आजोबांच्या काळातली सावड आणि इर्जिक (शेजाऱ्यांनी मिळून एकाचं काम उरकणं) अजूनही चालते.

शेतकरी मुलांची लग्नं होत नाहीत. हे कसं सोडवायचं?

हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. "शेती हवी, शेतकरी नको" असं मुलीकडचे म्हणतात, ही तक्रार आपण ऐकतोच.

पण मुलीच्या जागी बसून बघा. तिने आपल्या आईला पहाटे चारला उठून रात्री अकराला आडवं होताना पाहिलेलं आहे. खुरपणी, कापूस वेचणी, गोठा, स्वयंपाक, आणि जमिनीच्या कागदावर आईचं नाव नाही. नाही म्हणण्यात तिचं काय चुकलं? अनेक वर्षं मुलीच जन्माला येऊ दिल्या नाहीत, त्याचेही हे परिणाम आहेत आणि ते मुलींच्या माथी मारता येत नाहीत.

ज्या घरांत शौचालय-न्हाणीघर नीट आहे, महिन्याच्या पैशाचा काही हिस्सा सुनेच्या खात्यात जातो, शिकलेल्या सुनेला नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करू दिला जातो, त्या घरांत शेतकरी मुलांची लग्नं होतात. मी अशी घरं पाहतो. वर सांगितलेलं स्वतःचं एकर आणि स्वतःचं खातं इथेही कामी येतं: मुलीच्या बापाला "वडिलांची सहा एकर" यापेक्षा "गेल्या वर्षी मी इतके कमावले, ही वही" हे जास्त भरवशाचं वाटतं.

मुलगी आहे. मला शेती करायची आहे. घरचे म्हणतात, तुझं काय इथे?

कायद्याने तुमचं इथे भावाइतकंच आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून समान हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. लग्नानंतर भाऊ "फक्त सही पाहिजे" म्हणून हक्कसोडपत्र पुढे करतो. सही करायची की नाही हा तुमचा निर्णय आहे, पण वाचल्याशिवाय करू नका.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नव्हत्या. गावठी वाणांचं बियाणं जपून त्यांनी बियाणे बँक उभी केली आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री मिळवली. बियाणं राखणं हे आपल्याकडे बायकांचंच ज्ञान होतं. तुमच्याकडे आता सोबत शिक्षण आणि मोबाइलही आहे, तेव्हा त्या एका एकराची मागणी निःसंकोच करा.

गावात मन रमेल का? शाळा, दवाखाना, नेट?

गावागावात फरक आहे. रेंज बऱ्याच ठिकाणी आली, चांगला डॉक्टर मात्र अजून तालुक्यालाच. मुलं शाळेत जायच्या वयाची झाली की बायको-मुलं तालुक्याला आणि नवरा गावात अशी विभागणी सर्रास होते. तुम्ही गावात राहणार असाल तर जिल्हा परिषदेची शाळा तुमची आहे. शाळा व्यवस्थापन समितीत जा. ग्रामसभेला जा, तिथे बहुधा साठीच्या पुढचीच माणसं बसलेली असतात. सरपंचपदाला वयाची अट एकवीसच आहे.

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी शेती होईल?

फळझाडं आणि वनशेती कशीबशी होते. भाजीपाला, दूध, रेशीम अजिबात नाही. आंब्याच्या मोहरावर तुडतुडे आले की ते रविवारची वाट पाहत नाहीत. गावात भरवशाचा माणूस असेल तर त्याला नफ्यात वाटा द्या, फक्त पगार नको.

दोन वर्षं केली आणि जमलं नाही तर?

वही उघडा. पाऊस, भाव, रोग की तुमचा कंटाळा, नेमकं कशामुळे गेलं ते बघा. पहिली तीन कारणं असतील तर पीक किंवा जोडधंदा बदलून आणखी एक वर्ष द्यायला हरकत नाही. कंटाळा असेल तर सरळ बाहेर पडा, त्यात कसलीही लाज नाही. रोपवाटिका, ठिबकचं काम, उत्पादक कंपनीतली खरेदी-प्रतवारी, दूध संकलन केंद्र, अवजारं भाड्याने देणं, या सगळ्याला शेती कळणारी माणसं लागतात आणि ती शोधून मिळत नाहीत.

आणि जाताना ते एकर पडीक टाकू नका. भावकीतल्या किंवा गावातल्या कोणा कसणाऱ्या तरुणाला लेखी करारावर द्या, विहिरीच्या नोंदी आणि मातीचा अहवाल त्याच्या हाती द्या. निदान त्याची सुरुवात कोऱ्या पाटीने होणार नाही.